घड्याळाचा उपास आणि तीन बरण्या

९ नोव्हेंबर. सकाळची भांडी आवरून मी शिरका, म्हणजे माडाच्या रसाचं घरचं व्हिनेगर, गाळायला बसले. दिवाळीची सुट्टी संपत आली होती. शाळा सुरू झाली की मी साडेदहा ते साडेपाच प्रयोगशाळेत. मग असली कामं रविवारवर जातात आणि रविवारी होत नाहीत. म्हणून धुतलेलं मलमलचं फडकं, पातेलं, नरसाळं आणि उकळून सुकवलेल्या चार बाटल्या मागच्या पडवीत मांडून घेतल्या.

पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात चिनी मातीच्या तीन बरण्या होत्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून मी माडी ओतल्याची तारीख लिहिली होती. पहिली पस्तीस दिवसांची, ती गाळायची होती. दुसरी वीस दिवसांची आणि तिसरी नऊ दिवसांची.

पहिलीचं फडकं सोडलं. पस्तीस दिवसांचा शिरका उघडला की नाकात झणका जातो, डोळ्यांत पाणी येतं. काहीच आलं नाही. वर पांढरट साय धरलेली असते, तिचे तुकडे होऊन तळाला गेले होते. चमचाभर चाखून पाहिलं. नारळाचं शिळं पाणी विसळावं तशी चव. आणि बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. मी भरली तेव्हा ती दोन बोटं कमी होती. फडक्याखाली ठेवलेली बरणी महिनाभरात आटते. ती भरत नाही.

दुसरी उघडली. तीही तुडुंब. तिसरी, नऊ दिवसांची, अर्धी रिकामी होती. तिच्यात अजून पाणी घालायला कोणाला वेळ मिळाला नव्हता.

माडावरून उतरलेल्या माडीचं पुढे काय होतं, हे मला कोणी शिकवायला नको. माझं माहेर नाटे गावाकडचं. वडील माडी काढायचे. परवान्याचे माड होते, पहाटे आणि संध्याकाळी चढायचे. पहाटेची ताजी माडी गोड. दुपारपर्यंत तिला फेस येतो. दुसऱ्या दिवशी ती चढते आणि पुढचे आठ-दहा दिवस चढतच राहते. मग हळूहळू तिच्यातली नशा आंबटपणात जाते आणि महिन्याभराने शिरका होतो. डोळे बांधून बरणी नाकाशी धरली तरी ती किती दिवसांची हे मी लहानपणी सांगायची. वडील पाहुण्यांसमोर माझ्याकडून ते करवून घेत.

तर घरात ते पाणी घालणारं माणूस कोण, याला विचार करावा लागला नाही. घरात तिघंच होतो. सासूबाईंना पडवीची पायरी उतरता येत नाही.

नवरा बोटीवर मोटरमन. इंजिनखोलीतलं काम. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यातली सहा-सात वर्षंही आम्ही एका घरात काढली नसतील. नऊ महिने बोट, तीन महिने घर. घराची घडी तशीच बसलेली. ते आले की पहिला महिना सण असतो. दुसऱ्या महिन्यात ते नळ, पंखे, कौलं दुरुस्त करतात. तिसऱ्यात माझ्या डब्यांच्या जागा बदलतात. तेवढ्यात बोट येते.

त्या वर्षी बोट आली नाही. जुलै संपताना ते मेडिकलला मुंबईला गेले आणि रात्रीच्या गाडीने परत आले. कंपनीच्या डॉक्टरने वजनावर बोट ठेवलं होतं. शहाण्णव किलो. वरचा रक्तदाबही जास्त. चार महिन्यांनी, चोवीस नोव्हेंबरला, पुन्हा या. वजन पंच्याऐंशीच्या आत हवं, नाहीतर अनफिट. चोपन्न वय. एकदा अनफिटचा शिक्का पडला की त्या वयात पुन्हा कोणी बोलवत नाही. ते सगळं त्यांनी पायरीवर बसून बूट काढता काढता सांगितलं आणि मग म्हणाले, "बघ आता काय करायचं ते. तू हुशार."

मी हुशारीने कामाला लागले. मुलीने पुण्याहून फोनवर सांगितलं, तिच्या ऑफिसात सगळे सोळा तासांचा उपास करतात. रात्री आठला शेवटचा घास, मग दुसऱ्या दिवशी बारापर्यंत काही नाही. बारा ते आठ काय ते दोनदा जेवायचं. मधल्या वेळात पाणी, बिनदुधाचा चहा आणि पाण्यातून दोन चमचे शिरका चालतो. शिरक्याने भूक मरते म्हणे. खरं-खोटं मला ठाऊक नव्हतं. पण शिरका विकत कशाला आणायचा? भावाला फोन केला. त्याच्याकडे वडिलांचे माड आहेत. पंधरा दिवसांनी तो एसटीने कॅन घेऊन आला, आणि पुढेही अधूनमधून आणत राहिला. त्या पहिल्या खेपेला झाकण सैल ठेवायचं विसरला होता. हातखंब्याच्या वळणावर कॅन फुगून झाकण उडालं.

"ताई, कंडक्टर म्हणाला, उतर खाली, तुझी शेजारीण ओरडतेय," तो सांगत होता. "मी म्हटलं, शिरका आहे, भावोजींच्या औषधाचा. तर म्हणतो, मला पण दे दोन थेंब, माझे पण गुडघे दुखतात."

आम्ही सगळे हसलो. नवराही हसला.

दारूचं मी आधीच बोलले होते. बोटीवर काय घेत असतील ते घेत असतील; घरी असले की संध्याकाळी दोन पेग, शनिवारी मित्र आले की मोजदाद नाही. मी सांगितलं, चोवीस नोव्हेंबरपर्यंत थेंब नाही. त्यांनी वाद घातला नाही. कपाटातली सव्वा बाटली स्वतः मागच्या पडवीतल्या मोरीत ओतली. सासूबाईंनी ते खिडकीतून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा करून ग्रामदेवतेला नारळ देऊन आल्या. मित्र एक-दोन शनिवार आले, लिंबू सरबत पिऊन गेले, मग यायचे बंद झाले.

बाटली ओतली आणि त्याच पडवीत मी वीस लिटर माडी भरून ठेवली. आता लिहिताना हे ठळक दिसतं. तेव्हा दोघांनाही दिसलं नाही. आमच्याकडे माडीला दारू म्हणत नाहीत. दारू बाटलीतली, दुकानातली. माडी घरची. अशक्त माणसाला सकाळची माडी द्यायचे, आई आंबोळीच्या पिठात घोटभर घालायची, वडील जेवणाआधी करवंटीभर घ्यायचे आणि त्यांना कोणी दारुडा म्हटलं असतं तर त्याला कोयती दाखवली असती. माडी काढणाऱ्याच्या मुलीने नवऱ्याची दारू सोडवली आणि बरण्यांना फक्त फडकं बांधलं. दुसऱ्या कोणत्या घरात ही चूक झाली नसती.

सासूबाईंना उपासाची कल्पनाच पटेना.

"देवाचं नाव नाय, साबुदाणा नाय, वार नाय. कसला मेला उपास?"

"आई, हा घड्याळाचा उपास आहे."

"मग घड्याळालाच ठेव उपाशी. माझ्या मुलाला कशाला?"

पण काटा उतरू लागला. मी दर सोमवारी सकाळी त्यांना वजनकाट्यावर उभं करायची आणि कॅलेंडरवर आकडा लिहायची. ऑगस्टमध्ये तीन किलो. सप्टेंबरमध्ये चार. मीही त्यांच्याबरोबर उपास धरला होता, माझे दोन कसेबसे गेले. माझी भूक साडेदहाला वर्गातल्या पोरांच्या डब्यांच्या वासाने खवळायची. त्यांना भूक लागायचीच नाही. रविवारी बारा वाजले तरी ते म्हणायचे, थांब, एक वाजू दे. मला वाटलं, माणसाने मनावर घेतलंय. इंजिनखोलीत सव्वीस वर्षं काढलेला माणूस, मनावर घेतलं की करणारच.

शेजारच्या बायका विचारायला लागल्या. कंपाउंडच्या भिंतीवरून एकीने विचारलं, "काय जादू केलीस गो?" तर मी तिला शिरक्याची बाटली दिली. मग आणखी दोघींना दिली. बाटलीवर चिठ्ठी लावायची, दोन चमचे, पेलाभर पाण्यातून, दात सांभाळा. मला ते आवडत होतं. घरात चाललेलं काहीतरी आकड्यात दिसत होतं.

ऑक्टोबरात त्यांनी शिरका स्वतः घ्यायला सुरुवात केली. "तू कशाला धावपळ करतेस? मी घेतो." मी शाळेत निघायच्या गडबडीत. बरं वाटलं. वाटलं, घरात राहून माणूस शिकला.

सासूबाई एकदा म्हणाल्या, "ह्याने बांगडा अर्धा टाकला."

"आई, कमी खायचंच आहे त्यांना."

"कमी खाणं येगळं. त्याला वास नको झालाय. बांगड्याचा वास नको झालेला माणूस मी पाहिलाय," त्या म्हणाल्या. कोणाला पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी त्यांना म्हटलं, वजन उतरतंय ना, मग झालं.

दिवाळीत त्यांनी फराळाला हात लावला नाही. लोक आले की मी ते अभिमानाने सांगायची. हात बारीक झाले होते, गालाची हाडं वर आली होती, घड्याळाच्या पट्ट्याला मी तापलेल्या खिळ्याने दोन नवी भोकं पाडून दिली होती. पोट मात्र तेवढंच होतं. मीच ते एकदा बोलले, "पोट काही हलत नाही." वर मीच उत्तरही दिलं, "ते शेवटी जातं." दिवाळीनंतरच्या सोमवारी काटा त्र्याऐंशीवर आला. पंच्याऐंशीच्या आत. त्यांनी काट्यावरूनच मला सलाम ठोकला. मी आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला.

इथे एक गोष्ट लिहायला हवी, नाहीतर बाकीचं लिहून उपयोग नाही. मलाही त्यांना बोटीवर पाठवायचं होतं. त्यांच्याइतकंच. ते घरी येऊन सहा महिने होऊन गेले होते. माझ्या मिसळणाच्या डब्यात हळदीची वाटी डावीकडे गेली होती. मी शाळेतून आले की दारात कोणीतरी "आज उशीर?" म्हणून विचारत होतं. वाईट माणूस नव्हे, हात उगारला नाही कधी, पैसे वेळेवर. पण मला घर एकटीचं चालवायची सवय आणि त्यांना घरी पाहुण्यासारखं यायची. म्हणून मी काट्याकडे बघत होते. माणसाकडे बघितलं असतं तर दिसलं असतं.

तर त्या नऊ तारखेला मी पडवीतून उठले, हात पुसले आणि पुढच्या ओट्यावर गेले. ते खुर्चीत पेपर वाचत होते. साडेदहा वाजले होते, त्यांच्या उपासाचे साडेचौदा तास झाले होते.

"बरण्यांत पाणी कोणी घातलं?"

त्यांनी पेपर खाली घेतला. घडी घातली. घडीची पुन्हा घडी घातली.

"शिरका घेत होतो. तूच म्हणालीस उपासाला चालतो."

"दोन चमचे म्हणाले होते."

"दोन चमच्यांनी मला काय होणार?"

"आणि तो शिरका नाही. आठ-दहा दिवसांची माडी आहे ती."

"हां मग, माडीच ना? माडी म्हणजे काय दारू? तुझे बाबा रोज घ्यायचे. ऐंशी वर्षं जगले."

"बाबा दिवसाला वीस माड चढायचे आणि उतरून शेरभर तांदळाचा भात खायचे. तुम्ही खुर्चीत बसून, उपाशी पोटी. किती घेता?"

"एक फुलपात्र."

मी उभीच राहिले.

"दोन. कधी तीन."

"कधी?"

"तू शाळेत गेलीस की."

"आणि सुट्टीत?"

"तू आंघोळीला गेलीस की."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "काय झालं गो?"

"तू ओरडणार असशील तर ओरड," ते म्हणाले. "पण वजन तर उतरलं ना? बाटलीला हात लावलेला नाही मी. देवाच्यान् नाही लावला."

ते खरं होतं आणि तेच वाईट होतं. चोरी करतोय असं त्यांना पूर्ण वाटतही नव्हतं. पाणी मात्र घालत होते, म्हणजे अगदीच वाटत नव्हतं असंही नाही. मी ओरडले नाही. त्यांच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. चपलेचा पट्टा पावलात रुतला होता. उन्हात पडलेल्या त्या पायांवर नळीचं हाड दिसत नव्हतं. हात, गळा, तोंड सगळं सुकलेलं आणि पाय गरगरीत. मी खाली बसले आणि नडगीवर अंगठा दाबला. काढला. खड्डा तसाच राहिला. पोळीच्या कणकेत राहतो तसा.

"हे कधीपासून?"

"बसून बसून सुजतात. बोटीवर पण व्हायचं."

"डोळे वर करा."

त्यांनी केले. पांढऱ्या भागात पिवळट झाक होती. रोज समोर जेवायला बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत ती मला उन्हात, पेपर खाली घेतल्यावर दिसली.

मी बारा वाजायची वाट बघितली नाही. त्यांना केळं दिलं, शर्ट बदलायला सांगितलं आणि रिक्षा बोलावली. ते कपडे करत होते तोवर तिन्ही बरण्या मागच्या गटारात उपड्या केल्या. नऊ दिवसांच्या माडीचा वास पडवीभर झाला. खरी होती ती. चांगली झाली असती.

डॉक्टरीण आमच्याच शाळेत शिकलेली. मी तिला परीक्षानळी कशी धरायची ते शिकवलेलं. तिने त्यांना आडवं केलं, पोटाच्या एका बाजूला हात ठेवून दुसऱ्या बाजूने टिचकी मारली, मग कुशीवर वळवून पुन्हा मारली. सोनोग्राफी तिथेच खालच्या मजल्यावर होती. रक्त घेतलं, त्यातले दोन-तीन आकडे दुपारी चारपर्यंत आले. तोवर आम्ही बाकावर बसून होतो. त्यांनी भिंतीवरचं दात घासायच्या पद्धतीचं चित्र बघितलं, मी त्यांच्या चपला बघितल्या. ते एकदाच बोलले. "चोवीसला अजून पंधरा दिवस आहेत. तोवर पाय उतरतील."

चारला तिने दोघांना आत घेतलं.

"लिव्हर पुष्कळ खराब आहे. आजकालचं नाही, वर्षानुवर्षांचं. पोटात पाणी झालंय."

"वजन तेरा किलो उतरलं होतं," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. काहीतरी चांगलं सांगावं म्हणून असेल.

"मॅडम, पोटात पाणी चढत असताना तेरा उतरलंय. म्हणजे पाणी काढलं तर त्याहून जास्त गेलंय. आणि ती चरबी नाही. दंड बघा त्यांचे. मांस गेलंय. उपास कोणी सांगितला?"

"मी."

तिने पेन खाली ठेवलं. शाळेत प्रयोग चुकला की ती परीक्षानळी अशीच खाली ठेवायची.

"धडधाकट माणसाला चालला असता. तुमच्या शिरक्यानेही काही बिघडलं नसतं. पण अशा लिव्हरमध्ये साठा नसतो. सोळा तास अन्न नाही म्हटल्यावर शरीर स्वतःचं मांस खातं. वर रिकाम्या पोटी दारू. माडी म्हणा, काही म्हणा. आता ती बंद. आजपासून. हात कापतील, घाम सुटेल. भास व्हायला लागले, काहीबाही बोलायला लागले तर सरळ इथे घेऊन या, सकाळची वाट बघू नका. आणि उपाशी ठेवायचं नाही. दर दोन-अडीच तासांनी खायला. झोपताना काहीतरी. सकाळी उठल्या उठल्या पहिलं अन्न. मीठ नाही."

तिने गोळ्या लिहिल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"चोवीसला माझी मेडिकल आहे. बोटीची."

"नाही काका."

"पुढच्या महिन्यात घेतली तर? तारीख बदलून देतात."

"काका, बोट आता नाही."

तिने ते फार हळू सांगितलं, पण त्यांना ऐकू गेलं. त्यांनी मान हलवली, गोळ्यांचा कागद घेतला, नीट चौकोनी घडी घालून खिशात ठेवला. इंजिनखोलीत हुकूम आला की असंच करत असतील.

रिक्षात ते बराच वेळ बाहेर बघत होते. मारुती मंदिराच्या सर्कलला गर्दी होती, रिक्षा थांबली. तेव्हा म्हणाले, "वजनात तर बसलो असतो."

मी हो म्हटलं.

घरी सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसलेल्या. "काय म्हणाली डॉक्टरीण?" मी सांगितलं, होतं तेवढं सगळं, माडीसकट. त्यांच्यापासून लपवून पुढे पथ्य चाललं नसतं. त्या ऐकत राहिल्या. मुलाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"दारू सोडली म्हणून मी देवाला नारळ दिला," त्या म्हणाल्या. "देव काय म्हणत असेल गो मला?"

"देवाला माहीत होतं, आई."

"तुला माहीत नव्हतं?"

त्यांनी टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. डोळे बांधून बरणीचे दिवस सांगणारी मुलगी त्यांनी माझ्या वडिलांच्या ओट्यावर, लग्न ठरवायला आल्या तेव्हा, बघितली होती. दीड महिना मी ज्या माणसाशेजारी झोपत होते त्याच्या तोंडाला कसला वास येतो हे मला माहीत नव्हतं, कारण मी तिकडे तोंड करून झोपत नव्हते. हे सासूबाईंना कसं सांगणार? मी म्हटलं, "नव्हतं." आणि भात टाकायला आत गेले.

रात्री आठला नवऱ्याने चार घास खाल्ले. दहाला दूध दिलं, अर्धं घेतलं. मी कॅलेंडर उतरवून आकड्यांचं पान फाडलं वगैरे नाही. तसंच राहिलं ते, वर्ष संपल्यावर रद्दीत गेलं. या सगळ्याला आता दोन वर्षं होतील. ते घरीच आहेत. पोटातलं पाणी दोनदा काढावं लागलं. चालतात, पेपर वाचतात, बाजारात जात नाहीत. शेजारणींनी शिरका मागायचं बंद केलं; मीही कोणाला कारण सांगितलं नाही.

पण लिहायचं होतं ते त्या दिवसाचं, आणि तो दिवस दुसऱ्या सकाळी संपला.

१० तारखेला साडेपाचला उठून मी उकड्या तांदळाची पेज ठेवली. मिठाच्या डब्याकडे हात सवयीने गेला, मागे घेतला. सहाला त्यांना उठवलं. हात कापत होते, म्हणून वाटी मी धरली.

"आंघोळ तरी करू दे," ते म्हणाले.

"आधी खा."

एक चमचा तोंडात घेतला. "चव नाही."

"नाहीच आहे."

"अशी रोज?"

"रोज."

त्यांनी वाटी बघितली, खिडकीबाहेर बघितलं, आणि खाल्लं. नऊ चमचे. मी मोजले. मग आठला अंड्याचं पांढरं आणि मऊ भात. साडेनऊला मी त्यांना म्हटलं, मुंबईला कळवायला हवं, जागा अडवून ठेवता येणार नाही. ते म्हणाले, तू कर. फोन त्यांनी माझ्या हातात दिला आणि उठून आतल्या खोलीत गेले. दार लावलं नाही, लोटलं.

कंपनीतल्या मुलीने नाव विचारलं, खलाशी पुस्तिकेचा नंबर विचारला. तो मला पाठ होता.

"चोवीसला येऊ शकणार नाहीत का? मग नवीन तारीख देऊ? डिसेंबरमध्ये जागा आहे."

"नको," मी म्हटलं. "त्यांचं नाव काढा."

"कायमचं?"

आतल्या खोलीत पलंग वाजला. ते ऐकत होते.

"कायमचं," मी म्हटलं, फोन ठेवला आणि दहाचं खाणं करायला उठले.